पॅट्रोनीवाला ऑपरेटर की क्लाउडनेटिव्हपीजी?

कुबरनेटिसवर (अनेक मशिनवर कंटेनर चालवणारी प्रणाली) पोस्टग्रेस डेटाबेस चालवायचं ठरलं असेल, तर पुढचा प्रश्न ऑपरेटर, म्हणजे तो डेटाबेस आपोआप सांभाळणारा प्रोग्राम, कोणता, हा. (मुळात तिथे डेटाबेस ठेवावा का, हा वाद वेगळा, त्यात शिरत नाही.) मी दोन्ही तऱ्हा वापरल्या आहेत: स्टेटफुलसेटवर (कुबरनेटिसमधला क्रमांकित पॉडचा संच; पॉड म्हणजे कंटेनरचा गट) चालणारा, आत पॅट्रोनी (पोस्टग्रेसच्या प्रतींतून मुख्य प्रत निवडणारं साधन) असलेला ऑपरेटर आणि क्लाउडनेटिव्हपीजी. बॅकअप, रेप्लिका (डेटाबेसच्या प्रती) वाढवणं, मायनर अपग्रेड यांत दोन्ही ठीक आहेत, त्यावरून निवड करू नका.

फेलओव्हरमध्ये, म्हणजे मुख्य प्रत (प्रायमरी किंवा लीडर) बंद पडल्यावर दुसरीला तिच्या जागी आणण्यात, मात्र फरक आहे आणि तिथे पॅट्रोनीचं पारडं जड वाटतं. पॅट्रोनी प्रत्येक पॉडमध्ये असतो, त्यामुळे ऑपरेटर झोपलेला असला तरी नवा लीडर निवडला जातो. क्लाउडनेटिव्हपीजीत हा निर्णय ऑपरेटर घेतो. तो आणि प्रायमरी एकाच नोडवर (मशिनवर) असले आणि तो नोडच गेला, तर आधी ऑपरेटर दुसरीकडे उभा राहायला हवा, आणि मेलेल्या नोडवरचा पॉड हलवायला कुबरनेटिस डिफॉल्टने 300 सेकंद थांबतं. उपाय सोपा: ऑपरेटरच्या दोन प्रती वेगवेगळ्या नोडवर ठेवायच्या. उलट बाजूही आहे. कुबरनेटिसचा एपीआय सर्व्हर गाठता आला नाही, तर पॅट्रोनीला तिथलं लीडरचं कुलूप (लीडर कोण हे सांगणारी मुदतीची नोंद) वेळेत नूतन करता येत नाही आणि धडधाकट प्रायमरी स्वतःहून पायउतार होते. कुलपाची मुदत डिफॉल्टने 30 सेकंद. आवृत्ती 3.0 पासून यासाठी फेलसेफ मोड आहे, पण तो आपण चालू करावा लागतो.

एवढ्यावर मी कदाचित पॅट्रोनीच ठेवला असता. वैताग आणला तो कॉन्फिगरेशनने. पॅट्रोनीच्या बूटस्ट्रॅप विभागातल्या क्लस्टरभरच्या (एकत्र चालणाऱ्या सगळ्या प्रतींच्या) सेटिंग्ज फक्त पहिल्यांदा, क्लस्टर जन्माला येताना लागू होतात. त्यानंतर खरी प्रत पॅट्रोनीच्या स्वतःच्या साठ्यात राहते आणि ती 'पॅट्रोनीसीटीएल एडिट-कॉन्फिग' या कमांडने बदलता येते. 'मॅक्स कनेक्शन्स'सारखे पॅरामीटर तर तिथूनच चालतात. पॉडमधल्या पोस्टग्रेसच्या फाइलीत लिहिलेलं पॅट्रोनी जुमानत नाही. ऑपरेटर आपल्या मॅनिफेस्टमधले (क्लस्टर कसा हवा ते लिहिलेल्या फाइलीतले) बदल आत ढकलतो हे खरं, पण मॅनिफेस्टमध्ये नसलेली आणि रात्रीच्या गडबडीत कोणीतरी आत जाऊन बदललेली एखादी सेटिंग तशीच राहते. गिटमध्ये (फाइलींतल्या बदलांच्या नोंदीत) तिचा मागमूस नसतो. मग त्याच मॅनिफेस्टवरून उभं केलेलं स्टेजिंग (चाचणीचा क्लस्टर) प्रॉडक्शनसारखं (खऱ्या वापरातल्यासारखं) का वागत नाही, हे शोधत बसा. क्लस्टर उत्तम चालू असतो, कुठे अलर्ट नसतो, आणि तरी नक्की काय चालू आहे हे छातीठोकपणे सांगता येत नाही. मला हे फेलओव्हरच्या त्या काही मिनिटांपेक्षा जास्त टोचलं, कारण फेलओव्हर क्वचित होतो आणि कॉन्फिगरेशनशी रोज गाठ पडते.

क्लाउडनेटिव्हपीजीत पॅरामीटर क्लस्टरच्या मॅनिफेस्टमध्येच असतात. 'ऑल्टर सिस्टिम' ही डेटाबेसच्या आतून सेटिंग बदलणारी कमांडसुद्धा डिफॉल्टने बंद. सुरुवातीला हा जाच वाटतो, विशेषतः घाईत. पण मॅनिफेस्ट वाचलं की क्लस्टर कळतो.

शिवाय इथे स्टेटफुलसेट नाही. पॉड आणि व्हॉल्यूम ऑपरेटर स्वतः सांभाळतो. स्टेटफुलसेटची प्रत कमी केली की सर्वांत मोठ्या क्रमांकाचा पॉड जातो, मग तीच प्रायमरी का असेना.

तुमची टीम व्हीएमवर (आभासी मशिनवर) पॅट्रोनी चालवत आली असेल, हात बसलेला असेल, तर केवळ माझ्या वैतागापायी बदलू नका. नव्याने सुरुवात असेल तर मी क्लाउडनेटिव्हपीजीच घेईन. फक्त रिस्टोरचा (बॅकअपवरून डेटा परत आणण्याचा) सराव आधी करा: ते चालू क्लस्टरवर होत नाही, नेहमी नवा क्लस्टर उभा राहतो. त्याचं वॉल आर्काइव्ह (डेटाबेसमधल्या बदलांच्या नोंदींचा साठा) जुन्याच जागी ठेवलंत, तर ती जागा रिकामी नाही म्हणून तो अडून बसतो.