उकिडवे बसवून पाहिल्याशिवाय घेऊ नये : मुलींच्या फास्टपिच सॉफ्टबॉलमधील कॅचरच्या किटविषयी

माझी मुलगी गेले दोन हंगाम फास्टपिच सॉफ्टबॉलमध्ये (बेसबॉलसारखा खेळ, ज्यात चेंडू खांद्याखालून वेगाने फेकतात) कॅचर, म्हणजे बॅट करणारीच्या मागे बसून चेंडू झेलणारी खेळाडू, म्हणून खेळते आहे आणि या काळात मी तिच्यासाठी दोनदा किट, म्हणजे अंगावर घालायच्या संरक्षक साधनांचा संच, घेतले. पहिले एकाच खोक्यात आलेला तयार संच होता, तर दुसरे एकेक वस्तू माप घेऊन सुटे जमवलेले. दोन्ही प्रत्येकी एक पूर्ण हंगाम वापरून झाल्यावर हे लिहीत आहे, कारण पहिल्या खरेदीत मी केलेली चूक टाळता येण्याजोगी होती आणि तिचा त्रास मात्र मुलीला सोसावा लागला.

त्या पहिल्या खोक्यावर ‘१२ ते १६ वर्षे’ असे छापलेले होते. मुलीला तेव्हा अकरावे सरत होते. वाढते अंग आहे, थोडे मोठे घेतले तर दोन वर्षे पुरेल, असा शाळेचा गणवेश घेताना करतात तो हिशोब मी केला. दुकानात तिने उभ्यानेच सगळे चढवले आणि ते नीट बसल्यासारखे दिसले. सरावाच्या पहिल्या दिवशी ती होम प्लेटमागे (बॅट करणारी जिथे उभी राहते त्या जागेमागे) उकिडवी बसली मात्र, चेस्ट प्रोटेक्टरची, म्हणजे छाती-पोट झाकणाऱ्या कवचाची, खालची कड मांड्यांवर टेकली, सगळा प्रोटेक्टर वर सरकला आणि गळ्याजवळची कड थेट हनुवटीखाली येऊन हेल्मेट मागे ढकलू लागली. दर चेंडूनंतर ती मिट (कॅचरचा जाड गादीचा हातमोजा) घातलेल्याच हाताने प्रोटेक्टर खाली ओढत होती, आणि पिचर (चेंडू टाकणारी) फेकीला सुरुवात करत असतानाही तिचा तो हात कधी कधी पोटाशीच असे.

कॅचर सामन्यातला बहुतेक वेळ उकिडवी बसलेली असते, गुडघ्यांवर पडून चेंडू अडवत असते किंवा तशाच अवस्थेतून उसळून दुसऱ्या बेसकडे (धावपटूने ओळीने गाठायच्या मैदानावरच्या टप्प्यांपैकी एकाकडे) फेक करत असते. त्यामुळे किटचे माप याच तीन हालचालींत पाहावे लागते, हे मला त्या दिवशी कळले. सॉफ्टबॉल हा नावातच काय तो मऊ आहे. १२ इंच परिघाच्या या चेंडूचे वजन १७८ ते १९८ ग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे तो क्रिकेटच्या चेंडूपेक्षा आकाराने मोठा आणि वजनालाही जड असतो. प्रौढ स्त्रियांच्या सामन्यात तो ४३ फुटांवरून येतो, लहान मुलींच्या गटांत त्याहूनही जवळून. तो बॅटला चाटून दिशा बदलतो तेव्हा कॅचरला हलायलाही वेळ मिळत नाही. अशा वेळी तिच्या अंगावर जे असेल आणि ते जिथे असेल, तेवढेच तिचे रक्षण करते.

आता एकेका वस्तूविषयी. सर्वांत जास्त वेळ चेस्ट प्रोटेक्टरला द्यावा, असे माझे ठाम मत आहे. गळ्याच्या खळग्यापासून बेंबीच्या किंचित वरपर्यंत टेप लावून लांबी घ्यावी आणि वयाचा छापील आकडा बाजूला ठेवून त्या मापाचा प्रोटेक्टर शोधावा. माझ्या मुलीचे हे माप १३ इंच भरले आणि खोक्यातला प्रोटेक्टर १५ इंचांचा होता. सगळा त्रास या दोन इंचांचा होता. दुसरी गोष्ट आकाराची. मुलांच्या बेसबॉलसाठी केलेला प्रोटेक्टर खांद्यांत रुंद आणि छातीवर सपाट असतो, त्यामुळे मुलीच्या अंगावर तो गळ्यापाशी आणि बगलेपाशी उघडा राहतो. केवळ फास्टपिचसाठी बनवलेल्या प्रोटेक्टरमध्ये छातीच्या ठेवणीप्रमाणे भाग जोडलेले असतात, खांदे अरुंद असतात आणि फोममध्ये आडव्या घड्या दिलेल्या असतात, ज्यामुळे पुढे वाकल्यावर तो फळीसारखा ताठ न राहता अंगाबरोबर दुमडतो. दुसऱ्या खरेदीत आम्ही असा प्रोटेक्टर घेतला. मुलीला खाली बसवून, खांदे पुढे घ्यायला लावून, गळ्याच्या कडेतून आत बोटे घालून पाहिली. दोन बोटे जेमतेम गेली, तेव्हाच तो पसंत केला. गळ्यापाशी मोठी फट राहिली तर उसळलेला चेंडू नेमका तिथेच गळपट्टीच्या हाडावर बसतो. छातीची डावी बाजू पूर्ण झाकलेली आहे ना, हे तर पुन्हा पुन्हा पाहावे, कारण हृदयावर नेमक्या क्षणी बसलेला आघात क्वचित का होईना, पण त्याची लय बिघडवू शकतो.

फोमच्या कठीणपणाकडेही लक्ष द्यावे. पहिल्या संचातला फोम इतका कडक होता की छातीवर अडवलेला चेंडू सहा-सात फूट पुढे उडे आणि तेवढ्यात तिसऱ्या बेसवरची धावपटू होम प्लेटवर पोहोचत असे. आताच्या प्रोटेक्टरवरून तोच चेंडू पायांपुढे हातभर अंतरावर पडतो. फेकीच्या हाताकडची खांद्यावरची झडप काढता येते का, हेही विचारावे. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू पिचरच्या हातातून सुटताक्षणी धावपटू बेस सोडू शकते, आणि तिला अडवायला कॅचरला पुढच्या बेसकडे झटकन फेक करावी लागते. बेसमधले अंतर ६० फूट असल्यामुळे होम प्लेटपासून दुसरा बेस जवळजवळ ८५ फुटांवर येतो, आणि अशा फेकीत हात वर नेताना ती झडप गालाला लागत असेल तर मुलगी नकळत कोपर खाली ठेवून फेकायला शिकते. ही सवय पुढे सोडवणे फार जड जाते. पाठीवरचे पट्टे दुकानातच आवळून घ्यावेत, म्हणजे प्रोटेक्टरचे वजन मानेवर न लोंबता पाठीवर विभागले जाते.

लेग गार्डचे (गुडघा आणि नडगी झाकणाऱ्या कवचाचे) माप गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापासून घोट्याच्या घडीपर्यंत घेतात. इथे तयार संचाचा दुसरा दोष उघडा पडला. धडाच्या मानाने माझ्या मुलीचे पाय लांब आहेत. तिला साडेचौदा इंची गार्ड हवे होते आणि खोक्यात साडेतेरा इंची होते. म्हणजे एकाच संचातला एक भाग तिला मोठा होता आणि दुसरा लहान. या वयात धड आणि पाय एका गतीने वाढत नाहीत, त्यामुळे वयावर बेतलेला संच सगळ्याच बाबतीत बसण्याची शक्यता कमी असते, असे माझे निरीक्षण आहे. गार्ड घालून मुलीला दोन्ही गुडघ्यांवर पडायला सांगावे. गुडघा गार्डच्या गुडघ्यासाठीच्या खोलगट भागातच टेकला पाहिजे. तो वरच्या जोडावर टेकत असेल तर दुसऱ्या दिवशी तिथे निळा डाग दिसेल. पट्ट्यांचे हुक बाहेरच्या बाजूला यावेत, नाहीतर धावताना एका पायाचा हुक दुसऱ्या पायात अडकतो. आमच्याकडे गार्ड उलटसुलट घातल्यामुळे हे एकदा घडले आणि मुलगी पहिल्या बेसच्या रेषेवर तोंडघशी पडली. पोटऱ्यांमागे लावायच्या उशांबद्दल मतभेद आहेत. आम्ही त्या काढून टाकल्या, कारण त्यांवर रेलून बसण्याची सवय लागून तिचे उठणे मंदावले होते.

हेल्मेटसाठी भुवईच्या बोटभर वरून डोक्याचा घेर मोजावा, आणि तोही सामन्याच्या दिवशी जशी वेणी किंवा पोनीटेल घालतात तशीच घालून. केस मोकळे असताना घट्ट बसलेले हेल्मेट पोनीटेल बांधल्यावर पुढे झुकते आणि जाळीची आडवी सळई नेमकी नजरेसमोर येते. मागच्या भागात पोनीटेलसाठी जागा असलेले हेल्मेट मिळते, तेच घ्यावे. डोके जोरात हलवल्यावर हेल्मेट मागे राहता कामा नये आणि हनुवटी आतल्या गादीत स्थिर बसली पाहिजे. तरीही उंच उडालेला फाउल (बॅटला लागून हद्दीच्या रेषेबाहेर जाणारा) चेंडू शोधताना ते एका हाताने चटकन काढता आले पाहिजे. हे दोन्ही साधणारे हेल्मेट सापडेपर्यंत आम्ही चार घालून पाहिली. खेळाच्या साधनांची सुरक्षा-मानके ठरवणाऱ्या अमेरिकेतील नॉक्सी (NOCSAE) या संस्थेच्या मानकाचा शिक्का कवचावर असल्याची खात्री करावी आणि तडा गेलेले जुने हेल्मेट कितीही चांगल्या कंपनीचे असले तरी कुणाकडूनही घेऊ नये.

मिटविषयी थोडक्यात सांगते. बेसबॉलचे मिट चालवून घेऊ नये, कारण त्याचा खळगा लहान चेंडूसाठी असतो आणि सॉफ्टबॉल त्यातून निसटतो. फास्टपिचची मिट साधारण ३२.५ ते ३४ इंच परिघाची असतात. लहान हाताला सर्वांत मोठे मिट मिटवताच येत नाही, म्हणून चेंडू आत ठेवून ते एका हाताने बंद करायला लावावे.

दुसऱ्या किटबद्दल माझी एकच तक्रार आहे : लेग गार्डचे इलॅस्टिक पट्टे हंगामाच्या शेवटी सैल पडले. बाकी हंगामभर तिने प्रोटेक्टर खाली ओढलेला मी पाहिला नाही. गेल्या आठवड्यात पुन्हा टेप लावली तेव्हा धडाचे माप तेवढेच निघाले, मात्र पाय पाऊण इंचाने वाढले होते. त्यामुळे या वेळी फक्त लेग गार्ड बदलणार आहोत.