यादवी युद्ध आणि गरिबी : औरंगपुऱ्यात मिळणाऱ्या झेरॉक्स नोट्स

स्पर्धा परीक्षेवाल्यांसाठी छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात ज्या स्पायरल नोट्स मिळतात, त्यातला यादवी युद्ध आणि गरिबीवरचा हा संच घ्यावा. पण पेन्सिल हातात धरूनच.

पावसाचं प्रकरण सर्वांत दमदार. गरिबीमुळे युद्ध की युद्धामुळे गरिबी, हा गुंता सुटत नाही. म्हणून 2004 च्या एका गाजलेल्या अभ्यासात आफ्रिकेतल्या 41 देशांचं 1981 ते 1999 चं पाऊसमान घेतलं. पाऊस युद्धामुळे पडत नाही, पण कोरडवाहू देशाचं उत्पन्न त्याच्यावरच हलतं. विकासदर 5 टक्के बिंदूंनी घसरला की पुढच्या वर्षी संघर्षाची शक्यता जवळपास दीडपट होते. ही पायरी नोट्समध्ये आकृतीसह नीट उलगडली आहे.

चूक होते ती पुढे. ‘दुष्काळ म्हणजे युद्ध’ असं सरसकट लिहून टाकलंय. मराठवाड्यातल्या वाचकाला हे खटकायलाच हवं. 1972 ला इथे विहिरी आटल्या, माणसं खडी फोडायला गेली, सुकडी खाऊन राहिली. पण बंदुका निघाल्या नाहीत, कारण हाताला सरकारी काम होतं. मधला दुवा हाच, आणि तोच गायब!

हिऱ्यांमुळे युद्ध पेटतं, या मुद्द्याचंही तसंच. सिएरा लिओनचं यादवी युद्ध (1991-2002) आहे, शांत राहिलेला बोट्सवाना नाही. हिरे दोन्हीकडे, युद्ध एकीकडेच. ही तुलना समासात स्वतः लिहून घ्या.

नेपाळचं यादवी युद्ध दोन ओळींत उरकलंय. बाइंडिंग कच्चं आहे, शेवटची पानं सुटतात.