पॅरिसच्या गल्लीतलं वाइनचं दुकान: ग्लास की बाटली?

पॅरिसला निघालेल्या मैत्रिणीला प्रश्न पडलाय: तिथे वाइन ग्लासने घ्यावी की अख्खी बाटली? आपल्याकडच्या वाइन शॉपमध्ये बसून पिता येत नाही. तिथल्या 'काव्ह आ मांजे'त, म्हणजे खाणंही देणाऱ्या वाइनच्या दुकानात येतं, सोबत चीजही मिळतं.

खर्चाचं सोपं आहे. 750 मिलीच्या बाटलीत 150 मिलीचे पाच ग्लास. तिथेच उघडली तर किमतीवर 'द्रुआ द बुशाँ' नावाचं जादा शुल्क पडतं, तरी तिघी असाल तर बहुधा बाटलीच परवडते.

ताजेपणात मात्र ग्लास मार खातो, कारण तो आधीच उघडलेल्या बाटलीतला असू शकतो. बाटली कधी उघडली ते न लाजता विचार. रेड दोनतीन दिवस तग धरते, फेसाळ वाइन लवकर मलूल होते.

पण एका संध्याकाळी लुआर आणि बोजोले या दोन्ही फ्रेंच प्रदेशांतल्या वाइन चाखायचं सुख ग्लासातच!

एकटी असशील, चव शोधत असशील तर ग्लास. आवड ठरलेली, गप्पा लांबणार असतील तर बाटली.