मुदतीची बंदी की मोबदला देऊन बंदी?

अमेरिकेने सप्टेंबर 1994 मध्ये ‘असॉल्ट’ म्हणजे लष्करी धाटणीच्या अर्धस्वयंचलित बंदुकांवर बंदी आणली, पण घराघरांतल्या जुन्या बंदुका कायदेशीरच ठेवल्या. बंदीची चाहूल लागताच भाव भडकले, कारखान्यांनी धडाक्यात माल काढला आणि बंदीनंतर तो साठा असा तुंबला की भाव पुन्हा खाली आले. शिवाय संगीन अडकवायची सोय आणि नळीच्या टोकाचा ज्वालारोधक काढला, की जवळपास तीच रायफल पुन्हा दुकानात! दहापेक्षा जास्त गोळ्या मावणारी मॅगझिन (बंदुकीला लावायची गोळ्यांची पेटी) नव्याने विकायलाही बंदी होती; जुनी मात्र महागच राहिली.

ऑस्ट्रेलियात एप्रिल 1996 मध्ये पोर्ट आर्थरला एका बंदूकधाऱ्याच्या गोळीबारात 35 जणांचा बळी गेला. पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांच्या सरकारने मेडिकेअर या सरकारी आरोग्ययोजनेसाठीचा कर वर्षभर वाढवला, त्यातून मोबदला दिला आणि सुमारे साडेसहा लाख बंदुका परत घेऊन नष्ट केल्या. जुना साठाच गेला, तर साठेबाजी कशाची करणार? विरोध तिथेही कडवा होता. संतापलेल्या बंदूकधारकांसमोर हॉवर्ड चिलखती जाकीट घालून बोलले.

खरा फरक मुदतीचा. अमेरिकेचा कायदा 10 वर्षांचाच होता. मार्च 2004 मध्ये सिनेटने 52 विरुद्ध 47 मतांनी मुदतवाढ मान्य केली, पण ती ज्या विधेयकाला जोडली होती तेच 90 विरुद्ध 8 ने पडले. राष्ट्राध्यक्ष बुश सही करायला तयार असल्याचे सांगत होते. प्रतिनिधिगृहात मतदानच झाले नाही आणि बंदी संपली. माझा कौल ऑस्ट्रेलियाच्या वाटेला, खर्च धरूनही. मुदत घातली की विरोधकांना फक्त वाट पाहायची असते.