‘देखवत नाही’ हे हिंदी नाही, टर्नरच्या कोशात जाऊन बघा

आमची मावशी अजून ‘मला नाही बाई देखवत’ असंच म्हणते, आणि परवा तिच्या नातवाने तिला टोकलं की आजी हे हिंदी झालं, मराठीत ‘पाहणे’ म्हणतात. ती गप्पच बसली. मला ते इतकं लागलं की रात्री ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ राल्फ टर्नर यांचा भारतीय आर्य भाषांचा तौलनिक कोश उघडून बसलो. १९६२ ते ६६ मध्ये भागाभागाने निघालेला हा कोश शिकागो युनिव्हर्सिटीने ऑनलाइन फुकट ठेवलाय.

आणि काय खजिना आहे हो! संस्कृतात वर्तमानकाळी ‘पश्यति’, पण भविष्यकाळी ‘द्रक्ष्यति’, त्यातून पालीत ‘दक्खति’ आलं, आणि शेजारी ‘प्रेक्षते’वरून झालेलं ‘पेक्खइ’ होतंच, त्याच्या वळणाने ‘दक्ख’चं ‘देक्ख’ झालं. म्हणजे प्राकृत ‘देक्खइ’. तेच आपलं देखणे, हिंदीचं देखना, गुजरातीचं देखवुं, आणि पार युरोपातल्या रोमा (जिप्सी) लोकांच्या बोलीत सुद्धा ‘दिख’ म्हणजे बघणं!! हिंदीकडून उसनं घेतलेलं नाही, दोघी एकाच आईच्या लेकी.

अशोकाच्या लेखातलं रूप वाचून तर अंगावर काटा आला. दिल्लीला फिरोजशाह कोटल्यात जो स्तंभ आहे त्यावर ‘कयानंमेव देखति’ असं कोरलंय, माणूस स्वतःचं चांगलं तेवढंच देखतो, पाप देखत नाही. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचं वाक्य, आणि क्रियापद मावशीचं. ज्ञानेश्वरीत तर पानोपानी ‘देखे’. आपण रोज ‘माझ्यादेखत’, ‘डोळ्यादेखत’, ‘देखणी पोर’ म्हणतो तेव्हा कोणाला हिंदी वाटतं का?

आता अडचणीचं. सगळं रोमन लिपीत, अक्षरांवर रेघा खाली टिंबं, भाषांची नावं एकदोन अक्षरांत, म्हणजे ‘एम’ दिसलं की मराठी आणि ‘पीके’ म्हणजे प्राकृत, सवय व्हायला दोनतीन दिवस जातात. शब्द मराठी नाही तर जुन्या रूपाखाली लावलेत, रूपाच्या आधी चांदणी (*) असली तर ते रूप कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, अंदाजाने बांधलंय. छापील घेणार असाल तर डोरोथी टर्नर यांनी केलेली १९६९ ची सूची सोबत हवीच, तिच्याशिवाय मराठी शब्द हाती लागत नाही.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. नोंदीचा स्क्रीनशॉट मावशीला पाठवलाय, नातवाला तिनेच दाखवला.