जन्म-मृत्यूच्या नोंदी संशोधनासाठी: नावासकट की नावाविना?

नंदुरबार-धुळ्यात बालमृत्यूंवर काम करू पाहणारे इथेच अडतात.

परवानगीचं बघाल तर नावाविना माहिती सोपी. संशोधन तपासून मंजूर करणारी नैतिकता समिती संमतीपत्रात सूट देऊ शकते. नावं हवीत तर ती का, कुठे ठेवणार, कोण पाहणार, कधी नष्ट करणार, हे अर्जातच लिहा. नुसतं ‘संशोधनासाठी’ चालत नाही.

बाळाचं वजन, आईचं शिक्षण, गर्भारपणाचे आठवडे जन्माच्या अर्जाच्या सांख्यिकी भागात असतात, नावं कायदेशीर भागात. मृत्यूचे दाखले जमवून कारण कळणार नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याचं कलम १७ दाखल्यावर कारण देऊच देत नाही.

गोपनीयतेत मात्र नावाविना माहितीही फसवी. पंधरा घरांच्या पाड्यात तारीख, वय, लिंग एवढ्यावरून घर ओळखू येतं. म्हणून गावाऐवजी तालुका, तारखेऐवजी महिना मागा.

स्थलांतराने नावासकट, नावाविना दोन्ही माहितीत भोक पडतं. नोंद घटना घडते तिथेच होते. सुरतेत वारलेला नंदुरबारमधल्या धडगावचा मजूर गुजरातच्या नोंदवहीत जातो.

तालुक्यांची तुलना किंवा कमी वजनाच्या बाळांचं प्रमाण काढायचं असेल तर नावाविना पुरे. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्णयादीशी मृत्यू जुळवायचे असतील तर नावांवाचून भागत नाही. मग गुजरातकडेही वेगळा अर्ज करा.