कुत्र्याची म्हणून माणसाची अँटीबॉडी गळ्यात मारली

गोचीड तापात कुत्र्यांच्या रक्तातलं सीडी४ आणि सीडी८ पेशींचं प्रमाण कसं बदलतं, हे माझं पीएचडीचं काम. टी-पेशी म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. सीडी८ मारक टी-पेशींवर असतो, सीडी४ हा मदतनीस टी-पेशींवरचा रिसेप्टर. सीडी४ शोधायला कुत्र्याच्याच सीडी४ला चिकटणारी अँटीबॉडी (ठरावीक रेणूलाच धरणारं प्रथिन) लागते. माणसासाठीच्या बहुतेक अँटीबॉडी इथे कामाच्या नसतात. मला हवा होता वायकेआयएक्स ३०२.९ हा क्लोन, म्हणजे त्या अँटीबॉडीचा ठरावीक वाण, एफआयटीसी हा चमकणारा रंग लावलेला.

नेहमीच्या डीलरने ४१ हजार सांगितले. दुसरा एक म्हणाला, “मॅडम, २६ मध्ये देतो, स्टॉकमध्येच आहे. फक्त पेमेंट आधी करा.” ग्रँट संपत आलेली. फेलोशिपच्या पैशातून भरले आणि तिथेच माती खाल्ली.

मे महिन्यात परभणीला पार्सल उतरलं, ट्रॅव्हल्सच्या डिकीतून. थर्माकोलच्या डब्यातला जेल पॅक पार कोमट. “दोन दिवसांनी काही होत नाही मॅडम.” हे अगदीच खोटं नसतं, म्हणून मीही गप्प बसले.

रंग लागून चमकणाऱ्या पेशी मोजणारं यंत्र, फ्लो सायटोमीटर, संभाजीनगरला, तासाच्या भाड्याने. रक्ताच्या नळ्यांचा डबा मांडीवर घेऊन सकाळची मराठवाडा एक्स्प्रेस धरली. स्क्रीनवर नमुना आणि आयसोटाइप कंट्रोल (सीडी४ला न चिकटणारी, तुलनेसाठीची अँटीबॉडी), दोन्हींचे आलेख एकावर एक. म्हणजे काहीच चिकटलं नव्हतं. आधी स्वतःलाच दोष दिला: मात्रा चुकली असेल, ऊन लागलं असेल. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले, पुन्हा तेच. पण कुत्र्याचं एक वेगळेपण आहे. त्याच्या न्यूट्रोफिलवरही (दुसऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींवर) सीडी४ असतं, माणसाच्या नसतं. आजारी कुत्र्यात टी-पेशी कमी असल्या तरी न्यूट्रोफिलचा ढग तरी उजळायला हवा होता. तोही अंधारात.

मशीनवरचे दादा हसत म्हणाले, “मॅडम, तुमचंच रक्त टाकून बघायचं का?” मी बाही वर केली. अर्ध्या-पाऊण तासात माझ्या लिम्फोसाइटमधून (टी-पेशी यांतल्याच) उजवीकडे, चमकणाऱ्या बाजूला, एक स्वच्छ शिखर उभं राहिलं. न्यूट्रोफिल शांत. म्हणजे अँटीबॉडी उन्हाने मेली नव्हती, चांगली जिवंत होती. फक्त माणसाच्या सीडी४साठीची होती!

मग बाटलीचं लेबल नखाने उचकटलं. खाली दुसरं लेबल: ह्यूमन सीडी४, माउस. माउस म्हणजे छोट्या उंदरापासून बनवलेली. आमचा क्लोन माउसचा नाही, रॅटचा, म्हणजे मोठ्या उंदराचा. वरच्या लेबलवर ज्या कंपनीचं नाव होतं तिला बाटलीवरचा लॉट नंबर (उत्पादनाच्या खेपेचा क्रमांक) मेल केला. दोन दिवसांत उत्तर आलं, या उत्पादनाचा असा लॉट आम्ही काढलेलाच नाही. ही मेल मी पैसे भरण्याआधी टाकायला हवी होती. त्यासाठी विक्रेत्याकडून लॉट नंबर आधीच मागून घ्यायचा. द्यायला काचकूच करतो का, तेही कळतं. आणि नवी बाटली आली की आजारी जनावरावर जाऊ नका, आधी धडधाकट कुत्र्याचे न्यूट्रोफिल बघा. आमच्या गेटवरचा काळू दोन बिस्किटांवर रक्त देतो.

विक्रेता आधी म्हणाला, “तुमचा प्रोटोकॉल चुकला असेल.” मग नुसत्या निळ्या खुणा. मग डीपी गायब. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण तोवर पैसे भरून तीन आठवडे झाले होते आणि माझ्याकडे पक्कं बिलसुद्धा नव्हतं.